हिंगणघाटचा मोजणीवेडा कर्नल

मद्रासच्या किनाऱ्यावरून १८०२ साली जमीन मोजायला निघालेला विल्यम लॅम्बटन वीस वर्षांनी आपल्या विदर्भात पोचला आणि तिथंच कायमचा थांबला. आज तुम्ही सॅटेलाइटनं मोजणी शिकत असाल, तर ट्रायपॉड उभा करण्याआधी या माणसाची ओळख करून घ्याच.

जगातल्या सगळ्यात उंच शिखराला कुणाचं नाव आहे, हे तुम्हाला शाळेपासून पाठ आहे. जॉर्ज एव्हरेस्ट. पण हा एव्हरेस्ट ज्याच्या हाताखाली कामाला लागला, ज्यानं भारत मोजण्याचं ते अवाढव्य काम मुळात सुरू केलं, त्याचं नाव विचारलं तर भल्याभल्या वर्गात शांतता पसरेल. त्याचं नाव कुठल्याही शिखराला नाही. त्याची कबर मात्र आपल्याकडे आहे, वर्धा जिल्ह्यात, हिंगणघाटला.

विल्यम लॅम्बटन. भारताच्या ग्रेट ट्रिगोनॉमेट्रिकल सर्व्हेचा पहिला प्रमुख. त्याच्या आयुष्यात लढाया आहेत, समुद्री चाचेगिरीला शोभेल असा एक प्रसंग आहे, तंजावरच्या देवळावर झालेला एक भयंकर अपघात आहे. पण त्याचं मोठेपण या कशात नाही. ते आहे एका कंटाळवाण्या सवयीत. छोटं माप मोठ्या मापाइतक्याच काळजीनं घ्यायचं, आणि आपलंच उत्तर पुन्हा दुसऱ्या बाजूनं तपासायचं.

पन्नाशीत सुरू झालेलं करिअर

विशी-बाविशीत सगळं जमलं पाहिजे, असं दडपण तुमच्यावर असेल तर हे वाचा. लॅम्बटनचा जन्म १७५३ च्या आसपास इंग्लंडमधल्या यॉर्कशायरचा. घरची परिस्थिती बेताची. गावाजवळच्या शाळेत शिकला, गणितात हुशार निघाला आणि सैन्यात गेला. अमेरिकेतल्या युद्धानंतर तो बरीच वर्षं कॅनडात न्यू ब्रन्सविकला होता. काम साधं, बराकींची व्यवस्था बघण्याचं. पदोन्नती नाही, पैसा नाही, ओळखीपाळखी नाहीत. त्यानं तो वेळ पुस्तकांत घातला. गणित, खगोलशास्त्र आणि त्या काळात युरोपात गाजत असलेलं भूमापनाचं शास्त्र, म्हणजे पृथ्वीचा आकार नेमका कसा आहे ते मोजण्याचं शास्त्र.

१७९० च्या दशकाच्या उत्तरार्धात तो आपल्या ३३ व्या रेजिमेंटबरोबर भारतात आला. रेजिमेंटचा प्रमुख होता आर्थर वेलस्ली, म्हणजे पुढं वॉटर्लूला नेपोलियनला हरवणारा ड्यूक ऑफ वेलिंग्टन. लॅम्बटन तेव्हा चाळिशी ओलांडलेला एक साधा लेफ्टनंट होता.

१७९९ साली टिपू सुलतानाविरुद्ध श्रीरंगपट्टणची मोहीम निघाली. एका रात्री जनरल बेअर्डची तुकडी अंधारात परतीची वाट चालत होती. लॅम्बटननं आकाशाकडे पाहिलं आणि त्याच्या लक्षात आलं, की आपण दक्षिणेला नाही, उत्तरेला चाललोय. सरळ टिपूच्या फौजेच्या तोंडी! त्यानं जनरलला सांगितलं. जनरलला आधी पटेना. मग होकायंत्र पाहिलं गेलं, तर चुकलेला होता जनरल. एका मापानं वाटलेली खात्री दुसऱ्या मापानं तपासायची, हे लॅम्बटनच्या आयुष्याचं सूत्र इथंच पहिल्यांदा दिसतं.

टिपू पडला, म्हैसूर इंग्रजांच्या कह्यात आलं. नव्या मुलखाचा नकाशा हवा होता. लॅम्बटननं प्रस्ताव ठेवला तो नुसत्या नकाशाचा नाही. मद्रासच्या किनाऱ्यापासून मलबारच्या किनाऱ्यापर्यंत त्रिकोणांची साखळी टाकायची, आणि त्यातून पृथ्वीची वक्रताही मोजायची. वेलस्लीचा पाठिंबा होता. मंजुरी मिळाली. लॅम्बटन तेव्हा पन्नाशीच्या उंबरठ्यावर होता.

एकच साखळी, चारशे वेळा

त्रिकोणाची एक बाजू आणि कोन माहीत असले की बाकीच्या बाजू गणितानं काढता येतात, हे तुम्हाला अकरावी-बारावीपासून माहीत आहे. म्हणजे जमिनीवर प्रत्यक्ष मोजायची ती एकच रेषा. तिला पायारेषा म्हणू. पण मग सगळा देश त्या एका रेषेवर उभा. ती चुकली की पुढचं सगळं चुकलं.

ही पायारेषा १८०२ च्या एप्रिलमध्ये मद्रासजवळ सेंट थॉमस माउंटच्या बाजूला मोजायला घेतली. लांबी सुमारे ४०,००० फूट, म्हणजे साडेसात मैल. हातात होती १०० फुटांची एक पोलादी साखळी, अडीच-अडीच फुटांच्या चाळीस कड्यांची. ही साखळी चीनच्या बादशहाला भेट म्हणून पाठवलेल्या सामानातली. तिकडे ती नाकारली गेली आणि फिरत फिरत भारतात आली. ती लाकडी पेट्यांत ताणून ठेवायची, पेट्या तिवयांवर समतल करायच्या, तापमान टिपायचं, टोकाची खूण करायची आणि पुढं सरकायचं. मद्रासच्या उन्हात असं चारशे वेळा.

तापमान कशाला? हिशेब करून बघा. पोलाद उष्णतेनं वाढतं. पारा दहा अंश सेल्सिअस चढला, तर १०० फुटांची साखळी साधारण साडेतीन मिलीमीटर लांब होते. तेवढंच ना? चारशेनं गुणा. साडेसात मैलांत जवळपास १.४ मीटरचा घोळ.

आणखी एक गोष्ट. ही रेषा समुद्रसपाटीपासून किती उंचावर आहे, हेही काढावं लागतं. उंचावरची रेषा पृथ्वीच्या केंद्रापासून लांब, म्हणून किंचित मोठी. बारा किलोमीटरच्या रेषेत दर दहा मीटर उंचीमागे सुमारे दोन सेंटिमीटर वजा करावे लागतात. म्हणजे आडवं अंतर अचूक हवं असेल, तरी आधी उंची अचूक हवी. लॅम्बटननं त्यासाठी मद्रासच्या समुद्रापासून उंची मोजत आणली आणि आपली पायारेषा कागदावर समुद्रसपाटीला उतरवली.

कोन मोजायचं मोठं यंत्र, थिओडोलाइट, लंडनच्या विल्यम कॅरीनं बनवलं होतं. वजन जवळपास अर्धा टन. ते घेऊन येणारं जहाज वाटेत फ्रेंचांनी पकडलं आणि यंत्र मॉरिशसला उतरवलं गेलं. ते शास्त्रीय कामाचं आहे हे कळल्यावर फ्रेंच गव्हर्नरनं ते सौजन्यानं मद्रासला पाठवून दिलं! युद्ध चालू असताना.

उंची कुणाची? यंत्राची की खुणेची?

आता इथं थोडं थांबा, कारण लॅम्बटनच्या कामातली सगळ्यात दुर्लक्षित गोष्ट हीच आहे आणि तुमच्या कामाचीही.

मोजणीत खरी किंमत असते जमिनीवरच्या खुणेला. पण यंत्र खुणेवर ठेवलेलं नसतं. ते तिवईवर, मचाणावर, कधी देवळाच्या शिखरावर असतं. दुर्बिणीतून दिसणारा कोन दुर्बिणीच्या अक्षापासूनचा असतो, आणि समोर दिसतो तो झेंड्याचा शेंडा, टेकडीचा माथा नाही. म्हणून ओळंबा सोडून यंत्र बरोबर खुणेच्या डोक्यावर आणायचं. मग यंत्राचा अक्ष खुणेपासून किती वर आणि समोरचा झेंडा त्याच्या खुणेपासून किती वर, हे दोन आकडे टिपायचे. कोन कितीही बारीक मोजला आणि यंत्राची पाच फूट उंची हिशेबात धरायची राहिली, तर समोरच्या टेकडीची उंची पाच फुटांनी चुकते. आणि पुढची टेकडी याच टेकडीवरून मोजायची असते.

दोनशे वर्षांनी यंत्र बदललं, प्रश्न तोच राहिला. गावात मोजणी आली की आता शंकू-साखळीऐवजी काठीवर बसवलेला रोव्हर दिसतो. त्याच्या मागं असतं बेस स्टेशन. जागा पक्की माहीत असलेल्या खुणेवर एक रिसीव्हर स्थिर उभा करतात, तो बेस. दुसरा घेऊन माणूस शेताच्या बांधावरून फिरतो, तो रोव्हर. उपग्रहाच्या सिग्नलमधल्या बऱ्याच चुका दोघांना जवळपास सारख्याच लागतात. बेसला स्वतःची खरी जागा माहीत असते, म्हणून त्या चुका वजा करता येतात आणि रोव्हरची जागा सेंटिमीटरपर्यंत मिळते. सर्व्हे ऑफ इंडियानं तर आता देशभर अशा कायमच्या बेस स्टेशनांचं जाळंच उभं केलंय.

पण उपग्रहाला जमिनीवरची खूण दिसत नाही. त्याचा सिग्नल पोचतो अँटेनापर्यंत. नेमकं सांगायचं तर अँटेनाशी संबंधित एका काल्पनिक बिंदूपर्यंत, ज्याला फेज सेंटर म्हणतात. कंपनीच्या अँटेना मॉडेलच्या माहितीवरून सॉफ्टवेअर या बिंदूपासून अँटेनाच्या तळापर्यंत येतं. तळापासून खुणेपर्यंतचं अंतर मात्र कुणी माणसानं टेपनं मोजायचं असतं. आकाशात इतके उपग्रह, हातात महागडं यंत्र आणि शेवटचा दीड मीटर साध्या टेपच्या भरवशावर!

तोही सरळ मोजता येत नाही. ट्रायपॉडच्या मधोमध ट्रायब्रॅक असतो, म्हणून बहुतेक वेळा टेप खुणेपासून अँटेनाच्या कडेपर्यंत तिरका धरतात. तिरकं अंतर उभ्यापेक्षा जास्तच. समजा, कड मध्यापासून १७ सेंटिमीटरवर आहे आणि टेपवर १.५०० मीटर आले. पायथागोरस लावा. उभं अंतर येतं १.४९० मीटर. तुम्ही तिरकं माप घेऊन कंट्रोलरमध्ये उभं म्हणून टाकलंत, तर एक सेंटिमीटर तिथंच गेला. अँटेनाचं मॉडेल चुकीचं निवडलंत, तळाऐवजी दुसऱ्याच कडेपर्यंत मोजलंत किंवा घाईत १.५४३ चे १.४५३ लिहिलेत, तर आणखी जातील.

चूक ओरडत नाही

यातली खरी भीती वेगळीच आहे. बेसची उंची दहा सेंटिमीटरनं चुकली, तर त्या दिवशी रोव्हरनं घेतलेले सगळे बिंदू दहा सेंटिमीटरनं वर किंवा खाली जातात. सगळेच, सारखेच. त्यामुळे ते एकमेकांशी छान जुळतात. स्क्रीनवर सगळं हिरवं दिसतं, अचूकतेचे आकडे झकास येतात. यंत्र खोटं बोलत नाही. तुम्ही त्याला जे सांगितलंत, त्यावर ते प्रामाणिकपणे गणित करतं.

आता एका गावातल्या गटाराचा विचार करा. उतार एकास हजार, म्हणजे १०० मीटरला दहा सेंटिमीटर. अर्धी लांबी सोमवारी मोजली, अर्धी मंगळवारी बेस पुन्हा उभा करून. मंगळवारची उंची दहा सेंटिमीटरनं चुकली, तर दोन तुकड्यांच्या सांध्यावर १०० मीटरचा उतार गायब. कागदावर पाणी उतरतं, जागेवर ते कुणाच्या तरी दारात तुंबतं. हेच नदीकाठच्या पूररेषेला लावा. दहा सेंटिमीटर म्हणजे सपाट जमिनीवर किती घरं रेषेच्या आत की बाहेर, हा प्रश्न.

मग अशी न दिसणारी चूक पकडायची कशी? लॅम्बटनचं उत्तर साधं होतं. बाहेरून तपासायची. मद्रासहून त्रिकोण जोडत तो बंगळूरच्या पठारावर पोचला, तेव्हा १८०४ साली तिथं आणखी एक पायारेषा मोजली गेली. म्हणजे एकाच रेषेची दोन उत्तरं. एक, मद्रासच्या रेषेवरून शेकडो किलोमीटर गणित करत आणलेलं. दुसरं, जागेवर साखळीनं मोजलेलं. सात मैलांहून लांब रेषेत दोन्हींत फरक निघाला चार इंचांच्याही आत.

हे तपासणं कुणी त्याच्यावर लादलं नव्हतं. उलट मद्रासमधल्या हिशेबनिसांना हा सगळा खर्च उधळपट्टी वाटायचा. श्रीरंगपट्टणला जायचं तर पालखीच्या भोयांना सांगितलं की ते नेतात, त्यासाठी नकाशा आणि गणित हवंय कशाला, असा एकाचा सूर होता. लॅम्बटनच्या त्रिकोणांनी द्वीपकल्प आडवं पार केलं, तेव्हा उत्तर मिळालं. मद्रास ते मंगळूर हे अंतर नकाशांवर ४०० मैलांच्या घरात दाखवलेलं होतं. निघालं ३६०. चाळीस मैल रुंद भारत केवळ कागदावर होता!

तंजावरचा दोर

मग लॅम्बटन दक्षिणेकडे वळला. कावेरीच्या सपाट, माडांनी भरलेल्या प्रदेशात टेकडी नाही. दूरवर दिसायचं तर देवळंच उंच. म्हणून १८०८ साली त्यानं अर्ध्या टनाचं ते यंत्र तंजावरच्या बृहदीश्वर मंदिरावर चढवायचं ठरवलं. तंजावर म्हणजे तेव्हा आपल्या भोसल्यांचं, गादीवर सरफोजी राजे. याच मंदिराच्या भिंतीवर भोसले घराण्याचा मराठी शिलालेख जेमतेम पाच वर्षांपूर्वी कोरला गेला होता.

यंत्र वर ओढताना दोर तुटला. थिओडोलाइट भिंतीवर आदळला. कोन वाचायचं त्याचं मोठं वर्तुळच वाकलं. असं दुसरं यंत्र मिळवायचं तर इंग्लंडहून, म्हणजे वाट बघणं आलं.

लॅम्बटननं स्वतःला एका तंबूत कोंडून घेतलं. निवडक कारागिरांखेरीज आत कुणालाही मज्जाव. यंत्र पूर्ण सुटं केलं. एका मोठ्या सपाट फळीवर हव्या त्या नेमक्या मापाचं वर्तुळ कोरलं. पाचरी, स्क्रू आणि कप्प्या लावून वाकलेलं धातूचं वर्तुळ थोडं थोडं ताणत त्या मापात बसवत आणलं. वाकलेल्या आऱ्या लाकडी हातोड्यांनी ठोकून सरळ केल्या. सहा आठवडे! यंत्र जवळजवळ पूर्ववत झालं आणि काम पुढं चालू झालं.

या कहाणीत एक गोष्ट नीट बघा. वाकलेलं वर्तुळ त्यानं डोळ्यांच्या अंदाजानं सरळ केलं नाही. आधी बरोबर मापाचा नमुना तयार केला, मग यंत्र त्याच्याशी जुळवलं. यंत्र महाग आहे म्हणून ते बरोबर असेल, असं त्यानं धरलं नाही.

नागपूरच्या वाटेवर

पुढची वर्षं ७८ व्या रेखांशाच्या आसपास उत्तरेकडे सरकण्यात गेली. कन्याकुमारीच्या जवळून बीदरच्या पट्ट्यापर्यंत जवळपास दहा अंशांचा कंस त्यानं मोजला. त्याच्या सर्वेक्षणाखाली आलेला मुलूख होता सुमारे १,६५,००० चौरस मैल. ब्रिटनच्या रॉयल सोसायटीनं १८१७ मध्ये त्याला फेलो केलं. १८१८ मध्ये कामाला ग्रेट ट्रिगोनॉमेट्रिकल सर्व्हे हे नाव मिळालं आणि मदतीला एक तरुण तोफखाना अधिकारी आला, जॉर्ज एव्हरेस्ट.

एव्हरेस्टनं लिहून ठेवलंय, की म्हातारा लॅम्बटन एरवी थकलेला, सुस्त वाटायचा. पण मोठं थिओडोलाइट जुळवायला उभा राहिला की अंगातलं म्हातारपण झटकून वेगळाच माणूस दिसायचा.

हे काम एकट्याचं नव्हतं, हेही विसरू नका. साखळी धरणारे, झेंडे घेऊन टेकड्यांवर दिवसचे दिवस बसणारे, यंत्र खांद्यावर वाहणारे खलाशी भारतीय होते. कृष्णा-गोदावरीमधल्या जंगलात हिवतापानं तुकड्याच्या तुकड्या आडव्या व्हायच्या. एव्हरेस्टचं नाव राहिलं, लॅम्बटनचं थोडंफार राहिलं. झेंडेवाल्यांची नावं शिखरांवर नाहीत.

लॅम्बटन सत्तरीला टेकला होता, खोकल्यानं खंगला होता. तरी मुक्काम हैदराबादहून नागपूरला हलवायचं ठरलं, तेव्हा तोही निघाला. वाटेत हिंगणघाटला २० जानेवारी १८२३ रोजी त्याचा मृत्यू झाला. हुद्दा लेफ्टनंट कर्नल, हातात अर्धवट राहिलेला कंस.

तो कंस एव्हरेस्टनं हिमालयाच्या पायथ्यापर्यंत नेला. पुढं लॅम्बटनच्या साखळीतल्या उणिवाही त्यानं काढल्या आणि त्याऐवजी नवी उपकरणं आणली. म्हणजे तपासायची सवय गुरूवरही चालली! लॅम्बटनच्या मोजमापांच्या आधारे एव्हरेस्टनं १८३० मध्ये पृथ्वीचा जो आकार मांडला, त्यावर भारताचे नकाशे पुढं दीडशेहून जास्त वर्षं बनत राहिले. आणि याच सर्वेक्षणानं १८५६ मध्ये जाहीर केली त्या सर्वोच्च शिखराची उंची, २९,००२ फूट. त्या आकड्याच्या तळाशी मद्रासच्या उन्हात चारशे वेळा उचलून ठेवलेली एक साखळी आहे.

चौकट : बेस उभा करताना

– टेपनं तीन बाजूंनी मोजा. तिन्ही मापं जुळली नाहीत, तर अँटेना समतल नाही किंवा टेप वाकलाय.

– एकदा मीटरमध्ये, एकदा फुटांत वाचा. १.५०० मीटर म्हणजे ४.९२ फूट. आकड्यांची अदलाबदल इथं लगेच पकडली जाते.

– फील्ड बुकात नुसता आकडा लिहू नका. माप तिरकं की उभं, कुठल्या कडेपर्यंत, अँटेनाचं मॉडेल कोणतं आणि वेळ काय, हेही लिहा. शेजारी छोटं चित्र काढा आणि टेपचा फोटो घ्या.

– काम संपल्यावर यंत्र उचलण्याआधी पुन्हा मोजा. आपल्या काळ्या मातीत ट्रायपॉडचे पाय दिवसभरात खचतात.

– शक्य असेल तिथं ठरलेल्या उंचीचा, म्हणजे दोन मीटरचा पक्का ट्रायपॉड वापरा. मोजायची वेळच कमी येते.

– आणि सगळ्यात महत्त्वाचं, काम सुरू करण्याआधी रोव्हर दुसऱ्या एखाद्या माहीत असलेल्या खुणेवर नेऊन उंची जुळते का ते बघा. लॅम्बटनची बंगळूरची पायारेषा ती हीच.